बाबांची १९७८ ची युरोपिकोला: हाताने ओढायच्या एस्प्रेसो यंत्राचे सुटे भाग गोव्यात कुठे मिळतील?

तारवट्याची लेक | १२ जुलै, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहिते, कारण अर्धवट माहिती दिली की उत्तरंही अर्धवट येतात.

माझे बाबा तारवटी. जहाजांच्या इंजिनरूममध्ये फिटर म्हणून बावीस वर्षं काढली. १९७८ मध्ये त्यांचं जहाज जेनोवा बंदरात दुरुस्तीसाठी थांबलं होतं, तेव्हा तिथल्या दुकानातून त्यांनी ला पावोनीचं युरोपिकोला हे यंत्र घेतलं. लोकांचे बाबा टेपरेकॉर्डर आणायचे, आमचे हे घेऊन आले. घरातल्या घरात एस्प्रेसो करायचं हे यंत्र. वीज फक्त पाणी तापवते. पंप नाही. कॉफीच्या पुडीतून गरम पाणी ढकलायचा दाब माणसाने दांडा खाली ओढून द्यायचा. पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजला की आई पोयी घ्यायला दारात आणि बाबा यंत्रापाशी, हे मी शाळेत असल्यापासून बघते आहे.

आता बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. यंत्र दोन वर्षं बंद होतं, जूनमध्ये काढलं तर तीन तक्रारी. एक, दांडा खाली ओढताना हाताला काही लागतच नाही, सुरी लोण्यात जावी तसा जातो आणि कपात कॉफीऐवजी पिवळट पाणी. दोन, दांडा जिथे पुढे लटकणाऱ्या भागाच्या, म्हणजे ग्रुपच्या, डोक्यात शिरतो तिथून पाणी वर येतं. तीन, पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेच्या नळीला खालच्या टोकाला चीर गेली आहे. शिवाय गेल्या आठवड्यापासून बटन दाबलं की घरातला ईएलसीबी (वीज झिरपली की पुरवठा तोडणारा स्विच) पडतो.

हॉटेलांची कॉफी यंत्रं दुरुस्त करणाऱ्या एकाला बोलावलं होतं. त्याने यंत्र उघडलंसुद्धा नाही. "याचे पार्ट आता येत नाहीत, भंगारात द्या, नवीन ऑटोमॅटिक बघा" म्हणाला. बाबा काही बोलले नाहीत, पण त्या दिवशी जेवले नीट नाहीत. मला ते यंत्र चालू झालेलं बघायचं आहे. मडगाव, वास्को, फोंडा, कुठेही जायची तयारी आहे.

कुळागर | १२ जुलै, रात्री १०:१५

ताई, भंगारात अजिबात देऊ नका. फोटो टाका. बाकी जाणकार येतीलच.

जांभा | १२ जुलै, रात्री ११:०५

पार्ट येत नाहीत हे साफ चूक आहे. युरोपिकोला १९६१ मध्ये बाजारात आली आणि आजही बनते. कंपनी मूळची मिलानची, १९०५ सालची. २०१९ मध्ये ती स्मेगने विकत घेतली, पण उत्पादन थांबलेलं नाही. त्यामुळे सील, गॅस्केट, काच, जाळी, सगळं मिळतं. खरी गोम वेगळीच आहे.

हे यंत्र बाहेरून साठ वर्षं जवळजवळ तसंच दिसतं, आतून मात्र बदललं. साधारण २००० च्या आसपास ग्रुप बदलला. त्याआधीच्या यंत्राची कॉफी भरायची टोपली ४९ मिलिमीटरची, नंतरची ५१ ची. जाळी वेगळी, गॅस्केट वेगळं, पिस्टन वेगळा, पोर्टाफिल्टर (टोपली धरणारी मूठ) एकमेकांना बसत नाहीत. नेटवर 'युरोपिकोला' एवढंच टाकून मागवलं तर नव्या यंत्राचे भाग येण्याची शक्यता जास्त. तुमचं १९७८ चं आहे, म्हणजे ४९ चं. तरीही टोपलीचा व्यास व्हर्नियरने (बारीक माप घ्यायच्या पट्टीने) स्वतः मोजा आणि मगच पुढे चला. दुकानदाराला यंत्राचं नाव सांगण्यापेक्षा साल आणि मोजमाप सांगितलेलं कधीही चांगलं.

तुमच्या पहिल्या दोन तक्रारी रबराच्या आहेत. ग्रुप म्हणजे पुढे घंटेसारखा लटकतो तो भाग. त्यात पिस्टन वरखाली होतो आणि पिस्टनला दोन सील असतात, खालचं आणि वरचं. दांडा वर उचलला की बॉयलरचं पाणी ग्रुपमधल्या भोकातून खाली कॉफीवर येतं. खाली ओढला की खालचं सील ते पाणी कॉफीतून ढकलतं. खालचं सील गेलं की पाणी कॉफीतून जायच्या ऐवजी पिस्टनच्या कडेने मागे पळतं, म्हणून हाताला काही लागत नाही. डोक्यातून पाणी येतं म्हणजे वरचं सील आणि दांडीभोवतीचं छोटं सील, दोन्ही गेली आहेत. सेहेचाळीस-सत्तेचाळीस वर्षांचं रबर, त्यात दोन वर्षं कोरडं पडलेलं. ते लाकडासारखं झालं असणार.

म्हापशेकर | १३ जुलै, सकाळी ७:५०

जांभा यांना +१. माझ्याकडेही जुनी आहे, १९८५ ची. मी वरचं वाचायच्या आधी हेच केलं होतं. परदेशातल्या एका दुकानातून सीलचा संच मागवला, कुरिअरवाल्याने केवायसीला आधार मागितलं, ड्युटी भरली, वर त्यांचं हाताळणी शुल्क. दीड महिन्याने पुडकं आलं आणि आतली प्रत्येक वस्तू ५१ च्या यंत्राची. परत पाठवायचा खर्च संचापेक्षा जास्त. ते पुडकं आजही ड्रॉवरमध्ये आहे.

ताई, एक विचारतो. यंत्राच्या खाली पत्र्यावर व्होल्टेज लिहिलेलं असतं ते बघितलंत का? अमेरिकेसाठी बनलेली ११० व्होल्टची यंत्रंही फिरत असतात. तसं यंत्र आपल्या २३० वर लावलं तर हीटर जळतो.

तारवट्याची लेक | १३ जुलै, दुपारी १:२०

२२० व्होल्ट, १००० वॅट लिहिलं आहे. टोपली मोजली, ४९ च. बाबांना हे सगळं वाचून दाखवलं. जांभांचं मोजमापाचं वाक्य ऐकून म्हणाले, "पयलें माप घे, मागीर मागय." त्यांच्या जहाजावर मोठ्या इंजिनिअरचं हेच सांगणं असायचं म्हणे.

बटन दोन पायऱ्यांचं आहे, कमी आणि जास्त. बाबा जास्तवर ठेवायचे, वरच्या वाल्वने फुसफुस सुरू केली की कमीवर आणायचे. दाब दाखवणारा काटा वगैरे काही नाही.

ओहम | १३ जुलै, रात्री ८:३०

ईएलसीबीचं मी सांगतो, इलेक्ट्रिकचंच काम करतो. पावसाळ्यात गोव्यात दर वर्षी दहा-बारा घरी हेच बघतो. गीझर, इस्त्री, जुनी इडलीची यंत्रं, सगळीकडे तेच.

हीटरची नळी असते तिच्या आत तार आणि तार व नळी यांच्यामध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी ठासलेली असते. उष्णता जाऊ देते, वीज अडवते. पण ती ओलावा ओढून घेते. टोकाला असलेलं सील जुनं झालं आणि यंत्र महिनोन्महिने बंद राहिलं, त्यात आपला जून-जुलै, की थोडी वीज नळीकडे झिरपायला लागते. ३० मिलिअँपियरला ईएलसीबी पडतो. तो त्याचं काम करतो आहे, त्याला बायपास करून यंत्र चालवायचा विचारही नको. धातूचं अंग, पाणी आणि ओला हात, तिन्ही एकत्र आहेत.

हीटर गेला असंच नाही. प्लग काढून, खालचा पत्रा सोडून दोन टोकांमधला रोध मोजा. २२० व्होल्ट, १००० वॅट म्हणजे पूर्ण शक्तीला साधारण ४८ ओहम यायला हवा. तसा आला तर तार शाबूत आहे, फक्त ओली आहे. मग यंत्र कोरड्या खोक्यात ठेवून आत ६० वॅटचा जुना पिवळा बल्ब दोन-तीन दिवस जळता ठेवा, पावसात कपड्यांच्या कपाटात लावतो तसा. पुठ्ठ्याला बल्ब टेकू देऊ नका. नंतर इलेक्ट्रिशियनकडून मेगर (वीज झिरपते का ते मोजायचं यंत्र) लावून घ्या. ५०० व्होल्टला एक मेगओहमच्या वर आला तर चालू करायला हरकत नाही. अर्थिंग तपासलेला तीन पिनांचा प्लग मात्र पाहिजेच.

गिरगावची गच्ची | १४ जुलै, सकाळी ११:००

मुंबईत कोणी असेल तर नागदेवी स्ट्रीटवर पाठवा. सील, ओ-रिंग, गॅस्केट यांची दुकानं एकाला एक लागून आहेत. जुना नमुना हातात दिला की मापाचं काढून देतात. पण नमुना नेलाच पाहिजे, तोंडी वर्णनावर काही मिळत नाही.

जांभा | १४ जुलै, रात्री १०:३०

नागदेवीचा पर्याय चांगला आहे, पण गोव्यातच होईल असं मला वाटतं. आपल्याकडे बार्जेस आहेत, टिप्पर आहेत, खाणीवरची यंत्रं आहेत. हायड्रॉलिक सिलिंडरची सील बनवणारे लोक त्यामुळे वास्को, वेर्णा, उसगाव, कुडचडे भागात आहेत. काही जण तयार सील विकत नाहीत, रबराच्या जाड नळीतून मापाप्रमाणे लेथवर कातून देतात. तुमच्या पिस्टनचं सील म्हणजे छोट्या हायड्रॉलिक सीलचाच प्रकार, आडवं कापलं तर इंग्रजी 'यू' सारखा आकार, एक बाजू उघडी.

पण तिथे गेल्यावर एक गोष्ट अडेल. हायड्रॉलिकवाला नेहमी तेल धरणारं रबर देतो, नायट्राइल. ते गरम पाण्याला साधारण १०० अंशांपर्यंत ठीक. तुमच्या बॉयलरमध्ये ०.८ बार दाबाला पाणी ११७ अंशांवर असतं. नायट्राइल चालेल, पण लवकर कडक होईल. मागायचं ईपीडीएम. वाफ आणि गरम पाण्यासाठीच ते असतं. आणि खाण्यापिण्याच्या वस्तूला चालणाऱ्या दर्जाचं मागा, नाहीतर कॉफीला महिनाभर टायरचा वास. पोर्टाफिल्टर बसतो ते जाड गॅस्केट सिलिकॉनचं घ्या, ते मऊ असतं, मूठ फिरवताना जोर लागत नाही. बाबांच्या वयाला ते बरं.

उघडताना घाई करू नका. यंत्र पूर्ण थंड. दांड्याच्या पिना सर्कलिपनी (स्प्रिंगच्या छोट्या कड्यांनी) अडकवलेल्या असतात, त्या काढल्या की दांडा सुटतो. खालची जाळी काढली की पिस्टन खालून बाहेर येतो. तुमच्या काळच्या यंत्रात ग्रुपच्या आत बहुतेक सुटी पितळी स्लीव्ह, म्हणजे पिस्टन फिरतो ते नळकांडं, असेल. तिला आतून ओरखडे नाहीत ना ते बोटाच्या नखाने बघा. ओरखडा असेल तर नवं सीलही महिन्यात खराब होईल. आणि जुनी सील काढायच्या आधी फोटो. कुठल्या सीलचं उघडं तोंड कुठल्या बाजूला होतं ते नंतर आठवत नाही. खालच्याचं तोंड कॉफीकडे, एवढं पक्कं लक्षात ठेवा. दाब तिकडून येतो, तो त्या ओठांमध्ये शिरून त्यांना भिंतीला दाबतो, म्हणून सील धरतं.

ओल्या वाटा | १५ जुलै, सायंकाळी ६:४५

माझ्या चुकीतून शिका. मी ईपीडीएमचीच सील बसवली होती, नवी कोरी. आणि सरकायला बरं म्हणून गॅरेजमधलं ग्रीस लावलं. दहा दिवसांत दांडा वर जाईना. उघडलं तर सील फुगून पिस्टनवर घट्ट चिकटलं होतं, ब्लेडने कापून काढावं लागलं. ईपीडीएमला पेट्रोलियमचं काहीही चालत नाही, ग्रीस, व्हॅसलिन, काहीच नाही. खाण्याच्या दर्जाचं सिलिकॉन ग्रीस घ्या, छोटी ट्यूब येते, वर्षानुवर्षं पुरते. बोटावर मोहरीएवढं घेऊन पातळ पसरायचं.

तारवट्याची लेक | २४ जुलै, रात्री १०:००

उशीर झाला. पण सांगण्यासारखं बरंच आहे.

रोध ४९ ओहम आला! ओहम दादा, हीटर जिवंत आहे. यंत्र खोक्यात बल्बखाली तीन दिवस होतं, आई म्हणाली कोंबडीची पिल्लं ठेवल्यासारखं वाटतं. मग शेजारच्या इलेक्ट्रिशियनने मेगर लावला, चार मेगओहम. चालू करून पाहिलं, ईएलसीबी पडला नाही.

पिस्टन बाबांनी काढला. त्यांचे हात थरथरतात, ताट धरतानाही थरथरतात. पण सर्कलिपची पक्कड हातात घेतली आणि थरथर थांबली. मी शेजारी बसून बघत होते. पिन काढली, ती पुसून वर्तमानपत्रावर ठेवली. मग दुसरी, तिच्या उजवीकडे. मग वायसर. काढल्या क्रमाने डावीकडून उजवीकडे, बसवताना उजवीकडून डावीकडे उचलायचं. मी बोलत होते तर मला हाताने गप्प केलं. सील काढलं तर त्याचे तुकडे पडले, काळ्या बिस्किटासारखे. स्लीव्ह आतून आरशासारखी आहे, एक ओरखडा नाही.

तुकडे पडल्यामुळे नमुना गेला. पण बाबांनी पिस्टनच्या खाचेचं आणि स्लीव्हचं माप व्हर्नियरने घेऊन कागदावर चित्र काढलं, बाजूने कापल्यावर दिसेल तसं, बाण आणि आकड्यांसह. ते घेऊन मी वेर्ण्याला गेले. तिथल्या लेथवाल्याने चित्र बघितलं आणि विचारलं, "हे कुणी काढलं?" मी सांगितलं. म्हणाला, "बाबांना घेऊन या, उद्या." नायट्राइलचाच रॉड त्याच्याकडे होता, ईपीडीएम त्याने मागवून घेतलं. चार सील करायला सांगितली, दोन जास्तीची.

राहिली काच. ती मुंबईहून मागवू की परदेशातून?

जांभा | २४ जुलै, रात्री ११:२०

हे वाचून फार बरं वाटलं.

काचेसाठी परदेशात जायची गरज नाही. प्रयोगशाळेला सामान पुरवणाऱ्याकडून बोरोसिलिकेटची नळी घ्या, बाहेरचा व्यास तंतोतंत जुन्याइतका. साधी काच नको, गरम-गारात तडकते. जुनी नळी मधून शाबूत असेल ना? मग व्यास मिळेल. दोन्ही टोकांच्या रबरी रिंगा नव्या घाला, आणि नट पान्याने आवळू नका. हाताने घट्ट, वर किंचित. बहुतेक काचा तिथेच फुटतात, जास्त आवळल्याने.

आणि दुसरं. बॉयलरच्या वरचा सेफ्टी वाल्व उघडून स्वच्छ करा. त्याची स्प्रिंग अडकलेली असेल तर बाकी सगळं नीट असूनही यंत्र धोक्याचं. कुकरची शिट्टी बंद झाली तर आपण कुकर चुलीवर ठेवू का?

कुळागर | २५ जुलै, सकाळी ९:१०

बॉयलर पितळेचा आहे, तेव्हा आतून साफ करायला सायट्रिक अ‍ॅसिड चालेल. लिटरला २० ते ३० ग्रॅम, अर्धा-पाऊण तास, मग चार वेळा साध्या पाण्याने धुवायचं. रात्रभर ठेवू नका. आमच्याकडे विहिरीचं पाणी आहे, जांभ्यातलं, खार फार धरत नाही. तरी पंधरा वर्षांत बॉयलरच्या तळाला पांढरा थर होताच.

म्हापशेकर | २५ जुलै, दुपारी १२:३०

जुन्या यंत्रात हीटरच्या बुडाशी करड्या रंगाचं, धाग्याधाग्याचं गॅस्केट दिसलं तर ते कोरडं खरवडू नका. त्या काळी अ‍ॅस्बेस्टॉस वापरायचे. ओलं करून, मास्क लावून, तुकडा न उडवता काढा आणि पिशवीत बंद करा. माझ्या यंत्रात नव्हतं, पण बघितलेलं बरं.

तारवट्याची लेक | ९ ऑगस्ट, रात्री ९:१५

काचेचं काम झालं! मी जांभा दादांचं वाचून दाखवायच्या आधीच बाबा म्हणाले, "गेज ग्लास." जहाजाच्या बॉयलरला अशीच नळी असते आणि ती फुटली की बदलायची पाळी यांच्यावरच यायची. मडगावात शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळांना सामान देणाऱ्याकडे नळी मिळाली, तीही दीड मीटर, कमी देत नाही म्हणाला. बाबांनी तिकोनी कानशीने नळीभोवती एकच रेघ ओढली. पुन्हा पुन्हा घासायचं नाही, एकदाच. मग ओल्या फडक्यात धरून दोन्ही अंगठे रेघेच्या मागे लावून वाकवली. टक्‌ असा आवाज आणि टोक सरळ. धार बारीक पॉलिश पेपरने मारली. माझ्याकडून दोन नळ्या वाकड्या मोडल्या, त्यांची एक मोडली नाही.

वाल्व अडकलेलाच होता. आत हिरवा गंज होता, स्प्रिंग हलत नव्हती. जांभा दादा, तुम्ही लिहिलं नसतं तर मी तो उघडला नसता.

ओहम | ९ ऑगस्ट, रात्री ९:५०

त्या वाल्वचं वाचून अंगावर काटा आला. बरं झालं.

तारवट्याची लेक | २१ ऑगस्ट, सकाळी ८:०५

आज सकाळी.

सील मंगळवारी आली. बसवताना वेळ लागला. सीलचा ओठ स्लीव्हच्या कडेला दुमडत होता. बाबांनी एक्स-रेच्या जुन्या फिल्मची पट्टी गुंडाळून तिचं नरसाळं केलं, त्यातून पिस्टन सरकवला, आणि पट्टी ओढून काढली. सिलिकॉन ग्रीस, मोहरीएवढं.

पहिल्या दोन कपांची कॉफी ओतून दिली, रबराचा वास होता. तिसऱ्याला चिकमगळूरची पूड, ताजी दळलेली. बटन जास्तवर, वाल्वने फुसफुस केली, बाबांनी कमीवर आणलं. वाफेची तोटी क्षणभर उघडून हवा जाऊ दिली. दांडा वर, आठ आकडे मोजले, आणि खाली ओढला. या वेळी दांड्याने विरोध केला. बाबांचे खांदे पुढे आले, आईने मागून यंत्राचं बूड धरलं. आधी काहीच नाही, मग दोन काळे थेंब, मग उंदराच्या शेपटीएवढी बारीक तपकिरी धार. डोक्यातून एक थेंबही वर नाही.

बाबांनी अर्धा कप प्यायला आणि अर्धा माझ्याकडे सरकवला. मग म्हणाले, वरचं गॅस्केट अजून थोडं घट्ट आहे, आठवड्याने बसेल.

एकूण खर्च सांगते, पुढच्यांना उपयोगी. चार सील, गॅस्केट, काच, ग्रीस, रिंगा मिळून अडीच हजारांच्या आत. सगळं गोव्यात.

चवथीला भावंडं येणार आहेत, वीस कप तरी होतील. त्याच्या आधी एक प्रश्न. ४९ चा चांगला टॅम्पर (टोपलीतली पूड दाबायचा ठोकळा) कुठे मिळेल? सोबत आलेला प्लास्टिकचा आहे, तो टोपलीत हलतो.

गिरगावची गच्ची | २१ ऑगस्ट, सकाळी १०:४०

अभिनंदन! टॅम्परसाठी सावंतवाडी जवळ आहे तुम्हाला. लाकडी खेळणी कातणारे कारागीर आहेत, टोपली घेऊन जा आणि तिच्यात बसेल असा कातून घ्या. खाली पितळेची चकती हवी असेल तर तुमचा लेथवाला आहेच.

म्हापशेकर | २१ ऑगस्ट, सकाळी ११:३०

ताई, डोळे भरून आले. एक विनंती. तुमच्याकडे दोन जास्तीची सील आहेत म्हणालात. माझं १९८५ चं, टोपली ४९ ची. दोन्ही मला विकत द्याल का?

तारवट्याची लेक | २१ ऑगस्ट, दुपारी २:१०

विकत नाही, तशीच घ्या. शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला येणार आहे, चवथीचं सामान घ्यायला. पण तुमचा पिस्टन काढून सोबत आणा. बाबाही येत आहेत आणि व्हर्नियर घेऊन येत आहेत. खाचेचं माप घेतल्याशिवाय ते सील हातात देणार नाहीत.